आपल्या कंपायलरला कोणती बोली कळते?

आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहात एक लहानसा फळा होता. दोन्ही वेळचा बेत त्यावर खडूने लिहिला जाई. मी पाचवीत दाखल झालो त्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ‘पोळी, वरण, भात, वांग्याची भाजी’ असे लिहिलेले होते. माझ्या शेजारी सातारा जिल्ह्यातून आलेला एक मुलगा बसे. फळा वाचून त्याचे डोळे चमकले आणि त्याने मला हळूच विचारले, “आज सण हाय का रं?” त्याच्या गावी पोळी म्हणजे पुरणपोळी, रोज खातात ती चपाती. आम्हा विदर्भातल्या मुलांच्या लेखी पोळी म्हणजे रोजचीच. ताटात साधी पोळी पडली तेव्हा तो हिरमुसला. वाढणाऱ्या मावशींनी त्याला कारण विचारले आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर ‘पोळी (चपाती)’ असे लिहिले जाऊ लागले.

फळ्यावरचे वाक्य अशुद्ध नव्हते आणि वाचणाराही चुकला नव्हता. ते वाक्य कोणत्या बोलीत वाचायचे, एवढेच ठरलेले नव्हते.

पदवी घेतल्यानंतर नोकरीसाठी मी पहिली परीक्षा दिली, तेव्हा याच गोष्टीने मला फार मोठा धक्का दिला. परीक्षा संगणकावर होती आणि सी++ या भाषेत तीन प्रोग्राम लिहायचे होते. मी तीनही लिहिले. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकांच्या वहीत जसे लिहीत होतो, तसेच लिहिले. यंत्राने एकही स्वीकारला नाही. पहिल्या प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीवर त्याने चूक दाखवली. वेळ संपली आणि मी बाहेर पडलो तो ‘आपल्याला प्रोग्रामिंग येत नाही’ असा निष्कर्ष घेऊनच. घरातील पहिला पदवीधर मी. हा निष्कर्ष खरा की खोटा, हे तपासून सांगणारे जवळ कोणीही नव्हते. जवळजवळ वर्षभर मी तो खरा मानला. पुढे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तेच प्रोग्राम पाहिले. त्यांतील विचार बरोबर होता. भाषा मात्र तीस वर्षांपूर्वीच्या बोलीतील होती, आणि समोरचे यंत्र नवी बोली धरून वाचत होते.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली पुष्कळ मुले-मुली आज संगणकशास्त्राकडे वळत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा विषय शक्य तितका सोपा करून मांडतो.

कंपायलर आणि त्याची बोली

संगणकाच्या प्रोसेसरला केवळ आकड्यांच्या स्वरूपातील आज्ञा कळतात. माणूस प्रोग्राम लिहितो तो सी, सी++, फोरट्रान यांसारख्या भाषांत. या दोहोंच्या मध्ये जो भाषांतरकार बसतो, तो कंपायलर. तोही एक प्रोग्रामच असतो. आपण लिहिलेला मजकूर तो व्याकरणाच्या नियमांनी तपासतो. नियमांत बसला तर त्याचे यंत्राज्ञांत भाषांतर करतो, न बसल्यास चूक दाखवून थांबतो.

येथे प्रश्न उद्भवतो तो असा : नियम कोणते? बोलभाषेप्रमाणेच संगणकाच्या भाषाही काळाबरोबर बदलतात. नवे शब्द येतात, जुने वापर त्याज्य ठरतात, आणि कधीकधी एखाद्या जुन्या शब्दाला नवा अर्थ मिळतो. म्हणून एकाच भाषेची अनेक रूपे एकाच वेळी प्रचारात असतात. या रूपांना आपण बोली म्हणू. आजचा चांगला कंपायलर या सर्व बोली जाणतो. पण एका वेळी तो त्यांपैकी एकच धरून वाचतो. कोणती धरायची, ते त्याला सांगण्याची सोय असते. न सांगितल्यास तो एक बोली स्वतःच गृहीत धरतो.

या बोली आल्या कोठून?

सी ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी घडवली. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि रिची यांनी या भाषेवर लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रमाण ग्रंथ असा दुसरा नसल्यामुळे पुढे अनेक वर्षे ते पुस्तकच प्रमाण मानले गेले. परंतु पुस्तकात जे स्पष्ट नव्हते, ते प्रत्येक कंपायलरकर्त्याने आपापल्या समजुतीने भरून काढले. परिणामी एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर अडू लागला.

हा गोंधळ मिटवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९८३ मध्ये एक समिती नेमली. तिच्या कामातून १९८९ मध्ये सी भाषेचे पहिले अधिकृत प्रमाण सिद्ध झाले आणि १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. त्यानंतरच्या आवृत्त्या सी९९, सी११, सी१७ आणि सी२३ या नावांनी ओळखल्या जातात. नावातील आकडा वर्षाचा निदर्शक असतो, पण प्रसिद्धी कधी मागाहून होते : सी१७ हे प्रमाण २०१८ मध्ये आणि सी२३ हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

सी++ ही बियार्न स्त्रूस्त्रूप यांनी सीच्या पायावर उभारलेली भाषा. तिचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये आले. २०११ मध्ये त्यात फार मोठे बदल झाले आणि तेव्हापासून दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघते : सी++१४, सी++१७, सी++२०, सी++२३.

आता आपल्याकडच्या परिस्थितीकडे पाहू. महाराष्ट्रातील असंख्य महाविद्यालयांत सी आणि सी++ शिकवली गेली ती निळ्या पडद्याच्या टर्बो सी++ वर. बोरलँड या कंपनीचे हे उत्पादन १९९०च्या दशकाच्या आरंभीचे, डॉस या जुन्या प्रणालीवर चालणारे. ते हलके होते, जुन्या यंत्रावरही चाले, आणि प्रात्यक्षिकांच्या वह्या त्यावरच बेतलेल्या होत्या. म्हणून डॉस मागे पडल्यावरही ते अनेक वर्षे प्रयोगशाळांत राहिले. त्याची सी++ मात्र १९९८च्या प्रमाणाच्या कितीतरी आधीची. जी भाषा आम्ही ‘सी++’ म्हणून शिकलो, ती सी++ची प्रमाण ठरण्यापूर्वीची बोली होती. त्यात गैर काही नव्हते. ती जुनी बोली आहे, हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नाही.

गंमत अशी, की त्या निळ्या पडद्यावरही बोली निवडण्याची सोय होती. वरच्या पट्टीतील ‘ऑप्शन्स’ या यादीत कंपायलरच्या सदराखाली राखीव शब्द कोणत्या परंपरेचे धरायचे, ते ठरवता येई : टर्बोचे स्वतःचे, अमेरिकी प्रमाणाचे, युनिक्सचे की कर्निघन-रिचींच्या पुस्तकातले. प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही त्या यादीपर्यंत कधी पोहोचलो नाही.

एकच ओळ, दोन उत्तरे

बोलीतला फरक म्हणजे केवळ ‘हे चालते, ते चालत नाही’ एवढाच असता, तर फारसे बिघडले नसते. यंत्र अडले की माणूस जागा होतो. धोका आहे तो यंत्र न अडता वेगळा अर्थ लावते तेव्हा. पोळीच्या बाबतीत झाले तसेच. एक प्रसिद्ध उदाहरण वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत लिहितो :

क्ष = १० //* वाटे */ २
;

प्रोग्राममध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा कंपायलर वगळून वाचतो. १९८९च्या प्रमाणात टीप लिहिण्याची एकच रीत होती : तिरकी रेघ आणि तारका यांनी आरंभ, तारका आणि तिरकी रेघ यांनी शेवट. त्या नियमाने वरच्या ओळीतील पहिली तिरकी रेघ भागाकाराची, नंतर ‘वाटे’ ही टीप, आणि मग दोन. दहा भागिले दोन, म्हणजे क्षची किंमत पाच.

१९९९च्या प्रमाणाने दुसरी रीत मान्य केली : लागोपाठ दोन तिरक्या रेघा आल्या, की तेथून ओळीच्या अखेरीपर्यंत सारी टीप. त्या नियमाने दहाच्या पुढचे सर्व काही वगळले जाते आणि खालच्या ओळीतील अर्धविरामाने वाक्य पुरे होते. क्षची किंमत दहा.

दोन्ही वाचने आपापल्या नियमांनी शुद्ध आहेत. कंपायलर तक्रार करीत नाही. असे वाक्य मुद्दाम कोणी लिहीत नाही, हे खरे. पण अक्षर न अक्षर तेच असलेला प्रोग्राम केवळ बोली बदलल्याने वेगळे उत्तर देऊ शकतो, हे त्यातून लक्षात यावे.

दुसरे उदाहरण रोजच्या वापरातले. एखादी कृती पुन्हा पुन्हा करण्यासाठी जो लूप लिहितात, त्यात मोजणीसाठी एक चल लागतो. १९८९च्या सीमध्ये तो चल लूपच्या बाहेर, आधीच घोषित करावा लागे. १९९९पासून तो लूपच्या कंसातच घोषित करता येतो, आणि लूप संपताच तो चलही संपतो. सी++ मध्ये १९९८पूर्वी कंसात घोषित केलेला चल लूप संपल्यावरही जिवंत राही. म्हणून एकदा घोषित करून तोच पुढच्या लूपमध्ये वापरण्याची आमची सवय. नव्या कंपायलरने ‘हा चल येथे घोषितच नाही’ असे म्हटले, की आम्ही बुचकळ्यात पडत असू.

ही बाब केवळ विद्यार्थ्यांची नाही. जगभरच्या सर्व्हरांत आणि अँड्रॉइड फोनांत जे लिनक्स कर्नेल चालते, ते २०२२पर्यंत १९८९च्या बोलीवर आधारलेले होते. त्यामुळे याद्यांमधून फिरणाऱ्या लूपचा चल लूपच्या बाहेर घोषित करणे भाग होते. लूप संपल्यावर तो चल खऱ्या नोंदीकडे निर्देश करीत नसे. तरीही चुकून त्याचा वापर होऊ शके, आणि त्यातून दोष उद्भवत. अखेर लिनस टोर्वाल्ड्स यांनी बोलीच बदलण्याचा निर्णय घेतला आणि ५.१८ या आवृत्तीपासून कर्नेलने २०११ची बोली स्वीकारली. कोट्यवधी यंत्रे ज्यावर चालतात, त्या प्रोग्रामलाही आपली बोली विचारपूर्वक ठरवावी लागली आणि ती बांधणीच्या फाइलीत लिहून ठेवावी लागली.

न सांगितल्यास काय होते?

मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात सर्वांत जास्त प्रचारात असलेला कंपायलर म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. बोली सांगितली नाही, तर सी भाषेसाठी तो काय गृहीत धरतो ते पाहा. दीर्घकाळ तो १९९०ची बोली धरीत असे. २०१५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून तो २०११ची धरू लागला, २०१८च्या आठव्या आवृत्तीपासून सी१७, आणि २०२५च्या पंधराव्या आवृत्तीपासून सी२३. म्हणजे आपण एक अक्षरही न बदलता, केवळ यंत्रावरचा कंपायलर नवा झाल्याने आपल्या प्रोग्रामची बोली बदलू शकते.

याचे परिणाम काय होतात? जुन्या सीमध्ये खरे-खोटे दर्शवण्यासाठी स्वतंत्र शब्द नव्हते. म्हणून अनेकांनी ‘बूल’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ ही नावे आपापल्या प्रोग्रामांत स्वतःच ठरवून घेतली होती. सी२३ने हे तीनही शब्द राखीव केले. आता ती घरगुती व्याख्या नव्या बोलीत चूक ठरते. तसेच फंक्शनच्या नावापुढील रिकामा कंस : पूर्वी त्याचा अर्थ ‘किती माहिती द्यायची ते सांगितलेले नाही’ असा होता, सी२३ मध्ये त्याचा अर्थ ‘काहीही द्यायचे नाही’ असा झाला. जुने सुस्थितीतले प्रोग्राम एवढ्याने अडतात.

आणखी एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. फंक्शन आधी घोषित न करता वापरण्याची मुभा प्रमाणाने १९९९ मध्येच काढून घेतली होती. जीसीसी मात्र जुन्या प्रोग्रामांची गैरसोय होऊ नये म्हणून केवळ इशारा देऊन पुढे जात राहिला. चौदाव्या आवृत्तीत, म्हणजे २०२४ मध्ये, त्याने तो इशारा चुकीत बदलला. मधली २५ वर्षे ज्यांनी इशारे वाचले नाहीत, त्यांना हा बदल एकाएकी झाला असे वाटले. या कडकपणाला कारण आहे. घोषणा नसेल, तर फंक्शनचे उत्तर साधी पूर्णांक संख्या आहे असे जुनी बोली गृहीत धरी. आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर तेच उत्तर स्मृतीतील पत्ता असेल, तर अर्धा पत्ता कापला जाऊ शकतो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो.

काटेकोर आणि विस्तारित

बोली निवडताना आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. प्रमाणग्रंथात नसलेल्या काही सोयी जीसीसी आपल्या पदरच्या देतो. म्हणून प्रत्येक आवृत्तीची त्याच्याकडे दोन रूपे आहेत : ‘सी१७’ हे काटेकोर रूप आणि ‘जीएनयू१७’ हे विस्तारित रूप. आज्ञा देताना कंपायलरच्या नावापुढे ‘-एसटीडी=सी१७’ किंवा ‘-एसटीडी=जीएनयू१७’ असे लिहावयाचे; कळफलकावर अर्थात रोमन अक्षरांत. काही न सांगितल्यास जीसीसी नेहमी विस्तारित रूपच धरतो. वर दिलेल्या पाच-की-दहाच्या ओळीचे उत्तर पाच यावयाचे असेल, तर १९९०ची बोली काटेकोर रूपातच मागावी लागते. विस्तारित रूपात दोन रेघांची टीप त्या जुन्या बोलीतही चालते.

काटेकोर रूप मागितले म्हणजे कंपायलर प्रत्येक विचलनावर बोट ठेवील, असे मात्र नाही. त्यासाठी ‘पेडँटिक’ नावाचा वेगळा पर्याय आहे. शिवाय काटेकोर रूपात प्रमाणग्रंथाबाहेरची, पण युनिक्सवर नेहमी मिळणारी काही फंक्शने दिसेनाशी होतात. त्यामुळे ‘काटेकोर म्हणजे नेहमी चांगले’ असा नियम नाही. प्रोग्राम निरनिराळ्या कंपन्यांच्या कंपायलरांवर चालवायचा असेल, तर काटेकोर रूप उपकारक. तो लिनक्सवर आणि जीसीसीवरच राहणार असेल, तर विस्तारित रूप घेण्यास हरकत नाही. लिनक्स कर्नेलने २०२२ मध्ये निवडले तेही जीएनयू११, म्हणजे विस्तारित रूपच.

बोली बदलून काय सुधारत नाही?

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. टर्बो सी++ वर लिहिलेला प्रोग्राम नव्या कंपायलरवर अडला, की ‘जुनी बोली निवडली म्हणजे झाले’ असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे होत नाही. अडचणी तीन वेगवेगळ्या थरांतल्या असतात.

पहिला थर भाषेचा. चल कोठपर्यंत जिवंत, कोणता शब्द राखीव, हे प्रश्न त्यात येतात. बोलीचा पर्याय येथे उपयोगी पडतो.

दुसरा थर ग्रंथालयाचा, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचाचा. आम्ही पहिल्या ओळीत ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ लिहीत असू. १९९८च्या प्रमाणात ‘डॉट एच’ गेले आणि ‘सीआउट’सारखी नावे ‘एसटीडी’ या नामक्षेत्रात गेली. आजच्या जीसीसीमध्ये ती जुनी फाइलच नाही. म्हणून १९९८ची बोली मागितली तरी पहिली ओळ अडणारच. तेथे मजकूर बदलणे हाच उपाय. त्याचप्रमाणे ‘व्हॉइड मेन’ : सी++ मध्ये मुख्य फंक्शनचे उत्तर पूर्णांकच असले पाहिजे, असा नियम आहे.

तिसरा थर यंत्राचा आणि प्रणालीचा. ‘कोनिओ’ आणि ‘ग्राफिक्स’ या फाइली डॉससाठी होत्या. लिनक्सवर त्या मिळत नाहीत. टर्बो सी++ मध्ये साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. तिच्यात ४०,००० ठेवू गेल्यास उणे २५,५३६ वाचले जाई. आजच्या संगणकांवर ती बहुधा ३२ बिटांची असते. हा फरक कोणत्याही बोलीच्या पर्यायाने मिटत नाही.

माझ्या त्या परीक्षेत पहिला अडथळा दुसऱ्या थरातला होता. तीन प्रोग्रामांतल्या मिळून सात-आठ ओळी बदलल्या असत्या, तर तीनही चालले असते. ते कळायला मला वर्ष लागले.

निवड कशी करावी?

विद्यार्थ्यांसाठी काही व्यवहार्य सूचना देतो.

नव्याने शिकत असाल, तर आपला कंपायलर पूर्णपणे जाणतो अशी अलीकडची प्रमाण आवृत्ती निवडा. आज सीसाठी सी१७ आणि सी++साठी सी++१७ किंवा सी++२० ही सुरक्षित निवड होय. सोबत ‘वॉल’ आणि ‘पेडँटिक’ हे इशाऱ्यांचे पर्याय लावा, आणि प्रत्येक इशारा वाचा. इशारा म्हणजे अपयश नव्हे. शिक्षकाने समासात लिहिलेला शेरा समजा.

जुना प्रोग्राम हाती आला, तर प्रथम तो ज्या काळचा आहे त्या काळची बोली निवडून तो चालतो का ते पाहा. चालला, की मग एक-एक पायरी वर चढा आणि प्रत्येक पायरीवर जे अडेल ते दुरुस्त करा. एकदम नव्या बोलीत उडी घेतल्यास शेकडो चुका एकाच वेळी दिसतात आणि धीर खचतो.

चार जण मिळून काम करीत असाल, तर बोली कोणाच्या स्मरणात ठेवू नका. बांधणीच्या फाइलीत लिहा. मेकफाइल किंवा सीमेक या दोहोंत ती सोय आहे. रस्ट या नव्या भाषेने हीच रीत नियमित केली आहे. तिच्या २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ अशा आवृत्त्या आहेत, आणि नवा प्रकल्प तयार करतानाच त्याची आवृत्ती प्रकल्पाच्या फाइलीत नोंदवली जाते. दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेले भागही त्याच प्रकल्पात सुखाने नांदतात.

परीक्षेला बसण्यापूर्वी तेथील यंत्रावर कोणत्या भाषेची कोणती आवृत्ती आहे, हे विचारून घ्या. बहुधा भाषेच्या यादीत ‘सी++१७’ असे नाव दिलेले असते. सराव त्याच आवृत्तीत करा. सी भाषेत यंत्रालाच विचारण्याची सोयही आहे : ‘एसटीडीसी व्हर्जन’ नावाचा, आधी, मध्ये आणि अखेरीस अधोरेखा असलेला एक स्थिरांक आहे. तो छापला की १९९९०१, २०१११२, २०१७१० किंवा २०२३११ यांपैकी एखादा आकडा दिसतो. पहिले चार अंक वर्षाचे, शेवटचे दोन महिन्याचे. तो छापताना ‘लाँग’ प्रकारची संख्या म्हणून छापावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ मध्येही प्रकल्पाच्या गुणधर्मांत भाषेची आवृत्ती निवडता येते. तेथे काही न सांगितल्यास सी++१४ गृहीत धरले जाते. म्हणजे एकाच टेबलावरच्या दोन यंत्रांवर, काहीही न सांगता, दोन वेगळ्या बोली चालू असू शकतात.

पालकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी

पालकांना हे सारे तपशील लक्षात ठेवण्याची गरज नाही. मुलगा किंवा मुलगी घरी येऊन ‘माझा प्रोग्राम चालत नाही, मला हे जमणार नाही’ असे म्हणाली, तर एवढेच विचारावे : “तू कोणत्या आवृत्तीत लिहिलेस आणि यंत्र कोणत्या आवृत्तीत वाचते आहे?” या प्रश्नाचे उत्तर शोधताना अर्धी अडचण बहुधा सुटते. उरलेली अर्धी खरी चूक असेल, तर ती शिकून सुधारता येते. कंपायलरने दाखवलेली चूक ही त्या मजकुराविषयीची, त्या क्षणी धरलेल्या नियमांप्रमाणे केलेली नोंद असते. लिहिणाऱ्याच्या कुवतीविषयी ती काहीच सांगत नाही.

माझ्याबरोबर शिकलेल्या आणि आज या क्षेत्रात स्थिरावलेल्या बंधुभगिनींना एक विनंती आहे. सुट्टीत शाळेत याल, तेव्हा संगणककक्षात तासभर बसा. तेथील यंत्रांवर कोणता कंपायलर आहे, तो न सांगता कोणती बोली धरतो, हे पाहा. प्रात्यक्षिकाच्या वहीतील पहिले पाच प्रोग्राम त्या यंत्रावर चालवून बघा. जे अडतील ते मुलांच्या समोर दुरुस्त करा, आणि कोणत्या ओळीत काय बदलले व का बदलले, ते फळ्यावर लिहा. मग प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मुलांना एक ओळ लिहायला सांगा : भाषा कोणती, आवृत्ती कोणती, कंपायलर कोणता.

भोजनगृहातील मावशींनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर कंसात एक शब्द वाढवला, तेव्हा त्यांना खडूचा एक तुकडाच लागला होता. आपल्यालाही याहून जास्त काही लागणार नाही.